दम, उडी आणि चाळणी : खेळाडूंच्या शारीरिक चाचण्यांचा इतिहास

हुतुतूच्या जुन्या खेळात चढाईला गेलेल्या गड्याचा दम जितका टिके तितकीच त्याची चढाई टिके. शब्द तुटला, श्वास घेतला, की गडी बाद. म्हणजे खेळाच्या नियमातच एक शारीरिक चाचणी दडलेली होती, आणि ती घेण्यासाठी घड्याळ लागत नव्हते. आज कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. दम घुमवण्याचा नियम राहिला आहे, पण वेळ मोजण्याचे काम फुप्फुसाकडून घड्याळाकडे गेले आहे. खो-खोत तर पळतीच्या गड्याने किती मिनिटे आणि किती सेकंद तग धरला, याची नोंद गुणपत्रिकेवर वर्षानुवर्षे होत आली आहे.

खेळातच मापन होत असेल, तर खेळाबाहेर वेगळ्या चाचण्या कशासाठी? उभी उडी, शटल धाव, वाकून पायाच्या बोटांना हात लावणे, खोल बैठक, या सगळ्यांचा खेळाशी संबंध काय? आणि अशा चाचणीच्या आकड्यावरून एखाद्या मुलाला संघात घ्यावे, वगळावे, किंवा 'याला दुखापत होणार' असे भाकीत करावे, इतका हा आकडा भरवशाचा असतो काय? पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा यासारख्या गावातील शाळेत खो-खोचा संघ बांधणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. निवड चाचणीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेलेले मूल परत येते ते आकडा घेऊन. तो आकडा कुठून आला आणि काय सांगतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

आधी नियम, मग मापन

तुलना करायची तर सर्वांसाठी परिस्थिती सारखी हवी. म्हणून मापनाच्या आधी नियम येतात. खो-खोचे नियम ठरवण्यासाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली समिती नेमली. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्धीस आली. १९२८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना एकसारखेपणा आणण्याचे काम केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

या सर्व काळात आपल्याकडे व्यायाम होता, खेळ होता, नियम होते. मोजमाप मात्र आखाड्याच्या पद्धतीचे होते. किती जोर, किती बैठका, किती वेळ मल्लखांबावर. त्या मोजणीतही अनुभवाचा मोठा साठा होता. परंतु एका तालमीतला आकडा दुसऱ्या तालमीतल्या आकड्याशी ताडून पाहण्याची सोय नव्हती. शरीरक्रियेचे प्रयोगशाळेत मापन करण्याची आपल्याकडील एक सुरुवात लोणावळ्याला झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी तपासला जाऊ लागला.

भिंतीवरची खडूची खूण

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे प्रमुख डडली सार्जंट हे विद्यार्थ्यांची उंची, छाती, दंड, मांड्या यांची मापे काटेकोरपणे घेत असत. पण शरीराचा आकार मोजून शरीराची करामत कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९२१ मध्ये त्यांनी एक अगदी साधी चाचणी सुचवली. जागेवरून सरळ वर उडी मारायची आणि किती उंच गेलो ते मोजायचे.

ही चाचणी शंभर वर्षे टिकली याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. उडीची उंची ही जमीन सोडतानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा वेग मिळवण्यासाठी पायाच्या स्नायूंना सेकंदाच्या एका लहानशा भागात मोठे बल लावावे लागते. केवळ बळकट असून भागत नाही; बळ झटकन वापरता यावे लागते. खो मिळताच उठून झेपावणाऱ्या आक्रमकाला नेमके हेच लागते. म्हणून भिंतीवर हात उंच करून खडूची एक खूण, उडी मारून दुसरी खूण आणि दोन्हींमधले अंतर, एवढ्यावर बरेच काही समजते.

उडी झाली झटक्याची चाचणी. दमाचे काय? त्याचे उत्तर इंग्लंडमध्ये शोधले गेले. स्नायूंतील उष्णतेच्या संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ए. व्ही. हिल हे स्वतः धावपटू होते. पाठीवर पिशवी बांधून गवताच्या मैदानावर धावताना बाहेर टाकलेली हवा ते गोळा करीत आणि तिचे पृथक्करण करीत. वेग वाढवला की शरीर अधिक प्राणवायू वापरते. पण एका मर्यादेनंतर वेग वाढवूनही हा वापर वाढत नाही, असे १९२३ मध्ये त्यांनी व लप्टन यांनी मांडले. या मर्यादेलाच आपण कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता म्हणतो. यानंतरच्या दमाच्या बहुतेक चाचण्या म्हणजे ही मर्यादा पिशवीवाचून आणि प्रयोगशाळेवाचून ओळखण्याचे प्रयत्न आहेत.

वीस इंचांचे बाक

दुसऱ्या महायुद्धात हजारो तरुणांची झटपट तपासणी करण्याची गरज निर्माण झाली. हार्वर्डच्या श्रमविषयक प्रयोगशाळेत ल्यूसियन ब्रूहा यांनी १९४३ मध्ये 'हार्वर्ड स्टेप टेस्ट' प्रसिद्ध केली. २० इंच, म्हणजे ५०.८ सेंटिमीटर उंचीचे बाक. मिनिटाला ३० वेळा चढउतार. अशी पाच मिनिटे किंवा दमून थांबेपर्यंत. त्यानंतर खाली बसवून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटानंतर प्रत्येकी अर्धा मिनिट नाडी मोजायची. चढउतारीचे एकूण सेकंद गुणिले १०० आणि भागिले तिन्ही वेळच्या ठोक्यांच्या बेरजेची दुप्पट, हा झाला निर्देशांक. समजा, एकाने पूर्ण ३०० सेकंद चढउतार केली आणि नाडीचे ठोके ८३, ६५ व ५२, म्हणजे एकूण २०० भरले. तर ३०,००० भागिले ४००, म्हणजे ७५. मूळ कोष्टकानुसार ९० च्या वर उत्तम आणि ५५ च्या खाली कमकुवत. वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. पाच मिनिटांतील १५० चढ म्हणजे सुमारे ७६ मीटरचा उभा चढ होतो, हेही त्यांना काढता येईल.

पण या चाचणीत एक मेख आहे. ती अमेरिकन महाविद्यालयीन तरुणांसाठी बेतलेली होती. १८० सेंटिमीटर उंचीच्या तरुणाला ५०.८ सेंटिमीटरचे बाक म्हणजे त्याच्या उंचीच्या २८ टक्के. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला तेच बाक ३४ टक्के. त्याचा गुडघा अधिक दुमडतो, मांडीचे स्नायू लवकर थकतात आणि हृदयाचा कस लागण्यापूर्वीच पाय थांबतात. आकडा कमी येतो तो हृदयामुळे नव्हे, तर बाकामुळे. पुढे स्त्रियांसाठी व मुलांसाठी कमी उंचीची बाके वापरली जाऊ लागली ती याच कारणाने. चाचणीच्या इतिहासातला हा धडा पुढे पुन्हा पुन्हा भेटतो. प्रत्येक चाचणीवर ती जेथे जन्मली तेथील माणसांचा ठसा असतो.

मुलांच्या बैठका आणि सरकारची चिंता

१९५४ मध्ये अमेरिकेत क्राऊस आणि हर्शलँड यांनी एक खळबळजनक निष्कर्ष प्रसिद्ध केला. पोटाच्या व पाठीच्या स्नायूंची ताकद आणि कमरेची लवचिकता तपासणाऱ्या सहा साध्या हालचालींत निम्म्याहून अधिक अमेरिकन मुले कोठे ना कोठे अनुत्तीर्ण झाली. युरोपातील मुलांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी याची दखल घेतली, १९५६ मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद स्थापन झाली आणि १९५८ मध्ये शाळांसाठी चाचण्यांचा संच आला.

आपल्याकडे केंद्र सरकारने १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू केली. धावणे, उड्या, फेक यांसाठी वयोगटानुसार मानके ठरवण्यात आली. शाळांतील हा प्रवाह आजच्या 'खेलो इंडिया' मूल्यमापनापर्यंत येऊन पोहोचला आहे. मोठ्या मुलांसाठी त्यात उंची-वजनाचे गुणोत्तर, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाच्या बैठका आणि जोर यांचा समावेश आहे. शिक्षकांना ही यादी ओळखीची वाटेल. तिचे मूळ मात्र सत्तर वर्षे मागे, अमेरिकेला आपल्या मुलांविषयी वाटलेल्या धास्तीत आहे.

वीस मीटर, येथून तेथे

अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये १२ मिनिटांच्या धावेची चाचणी मांडली. बारा मिनिटांत जितके अंतर कापले, त्यावरून प्राणवायू ग्रहणक्षमतेचा अंदाज. १९७० च्या विश्वचषकाच्या तयारीत ब्राझीलच्या फुटबॉल संघाने ती वापरली आणि सांघिक खेळांत ती रूढ झाली. पण सांघिक खेळात कोणी बारा मिनिटे एका लयीत धावत नाही. खेळाडू झेपावतो, थांबतो, वळतो, पुन्हा झेपावतो.

कॅनडातील ल्यूक लेजे यांनी १९८२ मध्ये २० मीटर अंतराच्या दोन रेषांमध्ये ये-जा करण्याची चाचणी प्रसिद्ध केली. ध्वनिफितीवरच्या 'टिक' आवाजाबरोबर रेषा गाठायची आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढत जायचा. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांनी १९९० च्या दशकात त्यात विश्रांती घातली. ४० मीटरची एक फेरी, मग १० सेकंदांची संथ चाल, मग पुन्हा फेरी. ही 'यो-यो' चाचणी. दमणे आणि सावरणे या दोन्हींचा तीत कस लागतो. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीच्या निमित्ताने १६.१ हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. त्याचा अर्थ पुष्कळांना गूढ वाटला, पण तो सरळ आहे. पहिल्या पातळीच्या चाचणीत १६.१ गाठणे म्हणजे वाढत्या वेगाने ४० मीटरच्या २८ फेऱ्या, एकूण १,१२० मीटर.

खो-खोला ही चाचणी कितपत लागू पडते? खो-खोत आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. संरक्षकाला दोन्हींची मोकळीक. म्हणजे एकाच मैदानावर दोन वेगळी शरीरे धावत असतात. आक्रमकाला कमी अंतरातील झेप आणि सूर हवा. संरक्षकाला हुलकावणी, खांबाभोवतीचे वळण आणि साखळी पळतीतील लय हवी. शिवाय आठ गडी उकिडवे बसून खो मिळण्याची वाट पाहत असतात. सरळ रेषेतील यो-यो यांपैकी दमाचा भाग मोजते; हुलकावणी मोजत नाही, समोरच्याचा खांदा पाहून दिशा ओळखणे तर मुळीच मोजत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. या खेळाला आता आंतरराष्ट्रीय रूप येत असताना त्याच्या स्वतःच्या चाचण्या कोणत्या असाव्यात, हा प्रश्न आपल्याच संशोधकांनी व शिक्षकांनी हाती घेण्यासारखा आहे.

हालचालींची चाळणी

आतापर्यंतच्या चाचण्या 'किती' हे मोजत होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी 'कसे' हे मोजण्याचा प्रयत्न केला. खोल बैठक, अडथळ्यावरून पाऊल, एका रेषेत पुढे झुकणे, खांद्याची हालचाल, पडल्या पडल्या सरळ पाय उचलणे, जोर आणि हात-पाय टेकून तोल, अशा सात हालचाली. प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २१. २००६ मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकातून मांडली गेली. २००७ मध्ये ४६ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंच्या अभ्यासात १४ किंवा त्याहून कमी गुण असणाऱ्यांत गंभीर दुखापती बऱ्याच अधिक आढळल्या. झाले, १४ हा आकडा जगभर पसरला. जणू तो ताप मोजण्याच्या पाऱ्यावरचा आकडा असावा!

नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हे भाकीत टिकले नाही. २०१६ मध्ये नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० खेळाडूंपैकी ४० जण चाळणीत 'धोक्याचे' ठरले आणि ६० 'सुरक्षित'. हंगामात धोक्याच्या ४० पैकी १२ जणांना दुखापत झाली, सुरक्षित ६० पैकी ८ जणांना. धोका ३० टक्के विरुद्ध १३ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. शोधनिबंधासाठी हा निष्कर्ष चांगला आहे. पण शिक्षकाच्या दृष्टीने पाहा. ज्या ४० जणांना त्याने बाजूला काढले असते त्यांपैकी २८ जणांना काहीच होणार नव्हते. आणि दुखापत झालेल्या २० पैकी ८ जण चाळणीतून सुखरूप निसटले होते. गटांच्या सरासरीतला फरक खरा असूनही एकेका मुलाविषयीचे भाकीत चुकू शकते. संख्याशास्त्रातील ही गोष्ट वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून सहज पटवून देता येते.

यात आपल्यासाठी एक गमतीची बाब आहे. या चाळणीत डोक्यावर काठी धरून टाचा न उचलता खोल बैठक मारणे हा पहिला प्रकार. खुर्चीवर वाढलेल्या समाजात तो अवघड ठरतो. शेतात, चुलीपुढे, अंगणात उकिडवे बसण्याची सवय असलेल्या मुलाला घोट्याची आणि गुडघ्याची ही ठेवण वेगळी शिकवावी लागत नाही. मग त्याला पूर्ण ३ गुण मिळाले तर तो दुखापतीपासून सुरक्षित झाला काय? तसे नाही. तो फक्त उकिडवा बसू शकतो, एवढेच सिद्ध झाले.

दुखापत टाळण्याचा अधिक भरवशाचा मार्ग चाळणीत नसून सर्वांच्या सरावात आहे, असे आज दिसते. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खेळापूर्वी वीसेक मिनिटे धावणे, तोल, उड्या आणि उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणे असा ठरावीक सराव दिला गेला. गंभीर दुखापती आणि अतिवापराच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. पायाच्या एकंदर दुखापतींतील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर पुरेशी ठाम ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे.

लहान चणीची मुले

आता पोशेऱ्याकडे वळू. जव्हार-मोखाड्याचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते दुर्दैवाने कुपोषणामुळे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. बालपणी अन्न कमी पडले की मूल वाचले तरी उंची आणि स्नायूंचे वस्तुमान कमी राहते. अशा मुलाची क्षमता कमी असते काय?

कोलंबियातील शाळकरी मुलांवर स्पर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. अपुऱ्या पोषणाच्या मुलांची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता लिटरमध्ये मोजली तर कमी भरली; पण दर किलो वजनामागे मोजली तर ती चांगल्या पोषणाच्या मुलांच्या बरोबरीची होती. म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते, लहान होते. एकूण बळ लागणाऱ्या कामात याचा तोटा होतोच, त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. परंतु स्वतःचे वजन वाहून नेण्याच्या कामात, म्हणजे धावण्यात, तो फारसा जाणवत नाही.

राज्यातील क्रीडा प्रबोधिनींसाठी मुले निवडताना उंची-वजन, उड्या, शटल धाव, मेडिसीन बॉलची फेक, ८०० मीटर धाव अशा चाचण्या घेतल्या जातात. यांतील बॉलची फेक मोठ्या चणीच्या मुलाच्या बाजूने झुकलेली असते, ८०० मीटर धाव तितकी नसते. त्यात एकाच वयाची दोन मुले वयात येण्याच्या बाबतीत दोन वर्षे मागेपुढे असू शकतात. म्हणून एकूण गुणांची बेरीज पाहण्याऐवजी कोणत्या चाचणीत मूल कोठे आहे हे पाहणे अधिक न्यायाचे. नाशिक जिल्ह्याच्या हरसूल भागातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवते, तेव्हा डोंगराळ आदिवासी पट्ट्यातील दमाची साक्ष वेगळी काढावी लागत नाही.

जी चाळणी खरोखर हवी

एक चाळणी मात्र या भागात आवश्यक आहे, आणि ती मैदानावरची नाही. पालघरच्या आदिवासी समाजात सिकलसेलचा जनुक आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला दमून कोसळेपर्यंत धावायला लावणे धोक्याचे आहे. ज्यांच्यात हा जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला आहे, ते 'वाहक' सामान्यपणे निरोगी असतात. अमेरिकन सैन्यातील सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचे प्रमाण मात्र ५४ टक्क्यांनी अधिक होते. याचा अर्थ वाहक मुलाला संघातून काढावे असा नाही. पाणी, सावली, मधली विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव या गोष्टी सर्वच मुलांना द्याव्यात, म्हणजे कोण वाहक आहे हे चारचौघांत उघड करण्याची वेळच येत नाही. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून रक्ततपासणी आणि रक्तक्षयावरचे उपचार आधी, दमाची चाचणी नंतर, हा क्रम शाळेने पाळावा.

शाळेत काय करता येईल?

४०० मीटरची धावपट्टी डोंगरातल्या शाळेला मिळणे कठीण. पण २० मीटर सपाट जागा, एक दोरी, खडू आणि घड्याळ एवढे बहुधा असते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर आणि वार्षिक परीक्षेपूर्वी, असे वर्षातून तीनदा मोजावे. भिंतीवरची उडी, २० मीटरची शटल धाव आणि एक वळणाची धाव, एवढ्या तीन चाचण्या पुरेत. उडी प्रत्येकाने तीनदा मारावी आणि तिन्ही आकडे लिहावेत. त्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून तेवढ्या वाढीला प्रगती म्हणू नये, हे मुलांना आपोआप कळेल. वाढ खरी केव्हा मानायची, हा विज्ञानाचाच पाठ आहे. शेजारी खो-खोच्या सामन्यातील पळतीचे सेकंदही लिहावेत आणि वर्षअखेर मुलांनीच आलेख काढून पाहावे की कोणत्या चाचणीचा आकडा मैदानावरच्या कामगिरीशी जुळतो.

शंभर वर्षांच्या या इतिहासात चाचण्यांनी तीन कामे अंगावर घेतली : मुलाची कालच्या स्वतःशी तुलना, इतरांतून निवड आणि दुखापतीचे भाकीत. पहिले काम त्या चांगले करतात, दुसरे काळजीपूर्वक वापरल्यास बरे करतात, तिसऱ्यात आजवर कच्च्या ठरल्या आहेत. तालुक्याहून आकडा घेऊन परतलेल्या मुलाला शिक्षकाने हे समजावून सांगितले, तर एका दिवसाच्या आकड्यावरून ते मूल मैदान सोडणार नाही.